न घेतलेल्या पुस्तकाची नोंद

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, आणि माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका ही माझी पहिलीच विनंती आहे. इजिप्तमधल्या कफ्र शबाना गावातल्या मुलींच्या शाळेत, ग्रंथालयाच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. कोणी कोणतं पुस्तक नेलं, कधी नेलं आणि कधी आणून दिलं, ते माझ्यात लिहितात. म्हणजे लिहायला हवं. प्रत्यक्षात काय लिहिलं गेलं, तेच सांगायला मी बसले आहे.

माझा जन्म तन्ता शहरातल्या एका छापखान्यात झाला. जाड पुठ्ठा, लाल कापडाची पाठ आणि दोनशे पानं. शिवण पुरी होते न होते तोच एका कारकुनाने माझ्या पानापानावर आकडा घातला, गरुडाचा सरकारी शिक्का मारला, आणि पहिल्या पानावर ‘या वहीत दोनशे पाने आहेत’ असं लिहून तिघांनी खाली सह्या केल्या. पहिल्याच्या सहीवर भरवसा नव्हता म्हणून दुसऱ्याची घेतली, आणि त्या दोघांवर मिळून कोणाचाच नव्हता म्हणून तिसऱ्याची. माझं एकही पान कोणी फाडू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. पान न फाडताही वहीत खोटं शिरू शकतं, हे त्या तिघांना सुचलं नसावं. किंवा सुचलंही असेल. सह्या करणारी माणसं सगळंच बोलून दाखवत नाहीत.

शाळेत आले तेव्हा ग्रंथालय रुश्दी सरांकडे होतं. भिंतीवर नियमांचा तक्ता तेव्हाही होता. दप्तर बाहेर ठेवावे. हात धुऊन यावे. एका वेळी एकच पुस्तक, तेही सात दिवसांसाठी. नेताना सही, आणताना सही. पानाचा कोपरा दुमडू नये. खाण्याचे पदार्थ आणू नयेत. रुश्दी सर हे नियम मोठ्याने वाचून घेत आणि मग मुली ते मोडत आहेत का याकडे फारसं बघत नसत. त्या काळातली माझी पानं आजही ओळखू येतात. निळी शाई, हिरवी शाई, मध्येच पेन्सिल, कुठे पेरूचा डाग. एकीने सात दिवसांचे चाळीस केले आणि कारण म्हणून ‘आजी वाचत होती’ असं लिहिलं. सरांनी ते कारण मान्य केलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

तर रुश्दी सर निवृत्त झाले. आमच्याकडे ग्रंथालयातलं प्रत्येक पुस्तक एका माणसाच्या नावावर असतं. तो जाताना कपाटातली पुस्तकं एकेक करून मोजतात, आणि कमी भरलेल्या पुस्तकांचा जाब त्यालाच द्यावा लागतो. सरांची मोजदाद तीन महिने चालली. अकरा पुस्तकं कमी भरली. निवृत्तीचा कागद तोवर अडला. सर रोज पांढऱ्या कपड्यांत येत, बाकावर बसत आणि विचारत, “आज काही सापडलं का?”

त्या तीन महिन्यांत एक नवी बाई कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती. तिचं नाव इनायात. सर गेल्यावर पुस्तकं तिच्या नावावर झाली. तिने पहिल्याच दिवशी बाजारातून दोन पितळी कुलुपं आणली.

इनायातबाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. पुस्तकांवरची धूळ त्या रोज झटकत, वाळवी लागू नये म्हणून कपाटाच्या पायांना औषध लावत. पण कपाटापाशी कोणी येताना दिसलं की त्यांची नजर आधी त्याच्या हातांवर आणि मग दप्तरावर जाई. तक्त्यावरचे नियम तेच राहिले. फक्त आता ते नियम मुलींना दारातूनच परत पाठवायला उपयोगी पडू लागले. एकीचं दप्तर बाहेर ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती परत. एकीच्या बोटाला शाई होती, म्हणून ती परत.

आमच्या शाळेत तीनच वर्ग; त्यातल्या पहिल्या वर्गातली रावया नावाची मुलगी एकदा उंबऱ्यापर्यंत आली. तिची आई शाळेजवळच्या चौकात हातगाडीवर तामिया तळते. वाल वाटून केलेले गरम वडे, सगळं गाव सकाळी तेच खातं. रावया पहाटे आईला मदत करून शाळेत येई. इनायातबाईंनी तिला दारातच थांबवलं. “हात दाखव. तेल आहे. नियम वाचलास ना?” रावया म्हणाली, “धुऊन आलेय, बाई. वास राहतो.” “मग वास गेला की ये.” ती पुन्हा आली नाही. पण तेलाच्या वासाची ती मुलगी बाईंच्या लक्षात राहिली, पूर्ण नावानिशी. हे लक्षात ठेवा.

आता माझी लाज सांगते. वरच्या कचेरीला दर महिन्याला शंभर पुस्तकं दिल्याचा आकडा लागे. आणि वर्षाच्या शेवटी तीच कचेरी एकही पुस्तक कमी भरलेलं खपवून घेत नसे. शंभर पुस्तकं बाहेर जावीत आणि एकही हलू नये, या दोन्ही गोष्टी एकदम फक्त कागदावरच होऊ शकतात. म्हणून तपासणी जवळ आली की इनायातबाई एका दुपारी चहाचा पेला माझ्या कडेला ठेवत, वर्गांच्या हजेरीपटातून नावं उचलत आणि महिनाभराची देवघेव माझ्यात भरून टाकत. नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, मुलीची सही म्हणून एक वेलांटी. सगळं एकाच पेनाने, एकाच बैठकीत. माझी पानं एवढी स्वच्छ कधी नव्हती. तपासायला येणारे साहेब ती स्वच्छता बघून खूश होत. एकाने तर शेरा दिला, ‘वाचनाची आवड उल्लेखनीय.’

ज्यांची नावं माझ्यात होती त्यांनी पुस्तक नेलेलं नव्हतं. आणि जे खरंच नेत, शिक्षक म्हणा, मोठ्या कचेरीतले पाहुणे म्हणा, “सही काय घेता बाई, उद्याच देतो” असं म्हणत, त्यांचं नाव माझ्यात कुठेच नव्हतं. त्यांना नाही म्हणायची बाईंची हिंमत नव्हती. सगळा संशय त्यांनी मुलींसाठी राखून ठेवला होता.

यंदाच्या एप्रिलचा महिना भरताना साहेब एक दिवस आधीच आले. बाईंनी घाईघाईने सगळं आवरलं आणि एका दिवसाच्या पाच ओळींत ‘परत केले’ हा रकाना कोराच राहिला. साहेबांच्या ते ध्यानात आलं नाही. बाईंच्याही नाही. माझ्या आलं, पण मला विचारतो कोण?

जूनमध्ये मोजदाद झाली. मोजदादीचे प्रमुख म्हणून वरच्या कचेरीतले फिक्री आले; आमच्याकडे त्यांना मानाने ‘उस्ताद’ म्हणतात. बारीक मिशी, चष्मा दोरीने गळ्यात आणि दर दोन वाक्यांनंतर “असं का?” म्हणायची सवय. कोऱ्या रकान्यांच्या पाच पुस्तकांपैकी चार कपाटातच सापडली. “आणून दिली, लिहायचं राहिलं,” असं म्हणून त्यांनी ती मिटवली. पाचवं काही सापडेना. क्रमांक चारशे बारा, मधमाश्या पाळण्याचं पुस्तक. त्या ओळीत नाव होतं रावयाचं.

रावया आता शेवटच्या वर्गातून पास झाली होती. तिला जिल्ह्याच्या गावी परिचारिकांच्या शाळेत जायचं होतं. तिथे जागा थोड्या, आणि अर्ज गुरुवारी दुपारपर्यंतच घेणार होते. अर्जाला शाळेचा नाहरकतीचा कागद हवा, आणि ज्याच्याकडे ग्रंथालयाचं पुस्तक बाकी आहे त्याला तो कागद मिळत नाही. ती गुरुवारच्या आधीच्या बुधवारी आली. उस्तादांनी माझ्यावर बोट ठेवलं.

“रावया अब्दुल-मौजूद. चारशे बारा. आण पुस्तक आणि घेऊन जा कागद.”

“मी पुस्तक नेलंच नाही, उस्ताद. मी कधी आतसुद्धा आले नाही.”

“वही म्हणते नेलंस.”

“वही खोटं बोलते.”

“असं का? ऐकलंत, इनायातबाई? गरुडाचा शिक्का असलेली वही खोटं बोलते आणि ही खरं बोलते.”

“ही सही माझी नाही,” रावया म्हणाली.

“तुझ्या वयात सही रोज वेगळी येते. आणि तुझी आई त्या चौकातली ना? वडे गुंडाळायला कागद लागतोच.” उस्ताद चष्मा पुसू लागले. “मधमाश्या तामियाला चिकटल्या असतील.”

मी इनायातबाईंकडे बघत होते. त्यांना ती ओळ कोणी लिहिली हे ठाऊक होतं. पण मित्रांनो, एक विचित्र गोष्ट मी तिथे पाहिली. बाई माझ्याकडे वाकून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या, आणि प्रत्येक वाचनागणिक त्यांचा चेहरा सैल होत गेला. लिहिलंय म्हणजे झालं असेल. पोरगी एखादे दिवशी आत शिरलीही असेल. तेलकट हात, दप्तरात पुस्तक, कोण सांगावं? स्वतःच्या हातचं खोटं त्या स्वतःच खरं मानायला लागल्या होत्या. मला स्वतःचाच तेव्हा सगळ्यात जास्त संशय आला.

रावया निघून गेली. तासाभराने आई तिला घेऊन परत आली. गावात तिला सगळे शिहाताची आई म्हणतात. शिहाता तिचा थोरला, तो कैरोला असतो. ओढणीवर पीठ आणि कोपरापर्यंत तेलाचे चटके. खोलीत चहा घेऊन आलेले बिशाई काकाही थांबले. ते शाळेचे शिपाई, सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे. पेला टेबलावर ठेवायचं निमित्त करून ते बराच वेळ ठेवतच राहिले.

“उस्ताद, माझ्या गाडीवरचा कागद कुठून येतो म्हणून विचारलंत म्हणे.”

“विचारलं नाही. आपलं एक बोललो.”

“बोललात तर ऐकून पण घ्या. वर्ष संपलं की या शाळेतल्या जुन्या वह्या हे बिशाई काका मला किलोवर विकतात. गेल्या रविवारी तुम्ही चार वडे नेलेत ते भूगोलाच्या वहीत दिले होते. छापलेलं पान मी वापरत नाही, शाई वड्याला लागते.”

बिशाई काका खोकले. उस्तादांनी त्यांच्याकडे बघितलं, मग चहाकडे.

“बरं, पण पुस्तक कुठेय, शिहाताच्या आई? वहीत नोंद आहे.”

“मला वाचता येत नाही. तुम्हीच सांगा. कोणत्या दिवशी नेलं माझ्या पोरीने?”

“तेरा एप्रिल.”

“वार?”

उस्तादांनी बोटांवर हिशोब केला. “सोमवार.”

शिहाताच्या आईने ओढणीवरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, “माझ्या कढईला वर्षातून एकच दिवस सुट्टी असते, उस्ताद. मी शुक्रवारी तळते. ईदला तळते. नवरा गेला त्याच्या चौथ्या दिवशी मी तळत होते, तुम्हीच आला होता खायला. फक्त वसंताच्या सणाला, शम्म-एन-नसीमला, माझ्या वड्यांकडे मांजर पण बघत नाही. सगळं गाव कालव्यावर जाऊन खारवलेला फसीख मासा खातं, कांद्याची पात खातं. यंदा तो कधी होता?”

उस्ताद पुन्हा बोटं मोजू लागले.

“सोमवारीच असतो तो,” ती म्हणाली. “आणि यंदा तेरा एप्रिलला होता. मी आणि पोरगी दिवसभर कालव्यावर होतो. इनायातबाई, तुमची चटई आमच्या शेजारीच होती. तुम्ही माझ्याकडून लिंबू मागून घेतलंत.”

हे पहा, इथे इनायातबाई चुकल्या होत्या. महिना भरताना सुट्टीचे शुक्रवार आणि शनिवार त्यांनी नेमाने टाळले होते, रमजान सांभाळला होता. पण शम्म-एन-नसीम दरवर्षी सरकतो. तो इथल्या ख्रिश्चनांच्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी येतो, आणि ईस्टर कधी हे बाईंना दर वर्षी कोणाला तरी विचारावं लागे. महिना भरताना घाईत त्यांनी विचारलं नव्हतं, आणि आपण कालव्यावर गेलो ती तारीख त्यांच्या ध्यानातही नव्हती.

“आमच्या ईस्टरचा दुसरा दिवस,” बिशाई काका म्हणाले. “शाळेला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, आणि मी झाडाखाली पोट धरून आडवा. इतका फसीख कोणी खाऊ नये.”

“असं का?” उस्तादांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “किल्ली तुझ्या खिशात? म्हणजे त्या दिवशी हे दार उघडू शकणारा या गावात तू एकटाच.”

“मी?”

“जुन्या वह्या किलोवर विकतोसच. एखादं पुस्तक वजनात गेलं तर कोणाला कळणार?”

बिशाई काकांनी पेल्याची रिकामी बशी छातीशी धरली. “उस्ताद, माझी तीन वर्षं राहिलीत नोकरीची,” एवढंच ते म्हणाले.

मला पैज लावता आली असती तर इनायातबाई गप्प बसतील अशीच मी लावली असती. आता तर त्यांना खोटंही बोलायची गरज नव्हती. नुसतं खिडकीबाहेर बघितलं असतं तरी झालं असतं. रावया सुटली असती, शिपाई अडकला असता, आणि बाईंच्या नावावरचं एक पुस्तक त्याच्या नावावर गेलं असतं. चार वर्षांचा माझा त्यांच्याशी सहवास, तरी त्या काय करतील हे मला कळलं नव्हतं.

त्यांनी मला स्वतःकडे ओढलं.

“दार कोणी उघडलं नाही, उस्ताद,” त्या म्हणाल्या. “हे मी लिहिलंय.”

“कोणती ओळ?”

“पाचही.”

“आणि वरच्या?”

“त्याही.”

उस्तादांनी पान उलटलं. मग आणखी एक. सगळीकडे तेच पेन, तीच वेलांटी. “किती पानं, इनायातबाई?”

“खरी कुठली ते विचारा. ती लवकर मोजून होतील.”

“आणि चारशे बारा?”

“कोणीतरी सही न करता नेलं असेल. सही न करता नेणारी माणसं मी ओळखते. पण दाखवायला माझ्याकडे कागद नाही.” त्यांनी कोणाकडेच बघितलं नाही. उस्तादांनी मात्र उगाच चहाचा घोट घेतला. माझ्या मनात त्या घोटाबद्दल काही आहे, पण मीही पुराव्याशिवाय बोलत नाही.

मग उस्ताद बोटाने टेबलावर टकटक करू लागले. गेली तीन वर्षं माझ्या शंभराच्या आकड्यांखाली त्यांचीच मंजुरी होती, हे त्यांना आठवलं असावं. त्यांच्या मनात दया आली की भीती, मला सांगता येणार नाही. दोन्हींची सही सारखीच दिसते. “या एका ओळीची दुरुस्ती करा,” ते शेवटी म्हणाले, “आणि पुस्तक तुमच्याकडून भरून घ्यावं लागेल. बाकीचं बघू.”

इनायातबाईंनी लाल पेन घेतलं आणि रावयाच्या नावापुढे लिहिलं, ‘या मुलीने पुस्तक नेलेले नाही. नोंद माझी आहे.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, तारीख घातली. अक्षर वेडंवाकडं आलं. चार वर्षांत माझ्यात आलेलं ते पहिलं वेडंवाकडं अक्षर. मग त्यांनी नाहरकतीचा कागद लिहून रावयाच्या हातात दिला.

शिहाताची आई बस पकडायची म्हणून घाई करत होती. रावया हलेना.

“बाई, त्यात होतं काय?”

“कशात?”

“त्या पुस्तकात. सकाळपासून मी त्याची चोर आहे. काय चोरलं ते तरी सांगा.”

“मधमाश्या कशा पाळायच्या, असं नाव होतं.”

“आणि आत?”

इनायातबाईंनी कपाटाच्या कुलपाकडे बघितलं. “आत मी कधी बघितलं नाही,” त्या म्हणाल्या.

रावयाला जागा मिळाली असं बिशाई काका सांगतात. ते कधीकधी समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही सांगतात, त्यामुळे मी थांबले. पुढच्या आठवड्यात शिहाताची आई स्वतः सांगून गेली तेव्हा मानलं.

बाईंना लेखी ताकीद मिळाली. नव्या वर्षापासून मधल्या सुट्टीत कपाटांची कुलुपं निघतात. आता माझी थोडीच पानं उरली आहेत आणि ती घाण होऊ लागली आहेत. निळी शाई, हिरवी शाई, परवा एक तेलकट अंगठा. एक पुस्तक तीन आठवडे झाले तरी आलेलं नाही. ते नेणाऱ्या मुलीवर मी रोज संशय घेते. पण तिने ते नेलं आहे, आपल्या हाताने सही करून नेलं आहे, एवढी मला खात्री आहे, आणि अशी खात्री मला फार वर्षांनी मिळाली आहे.

मित्रांनो, भिंतीवरचे नियम चांगले आहेत. हात धुवा, पान दुमडू नका, दिलेल्या दिवसात पुस्तक आणून द्या, आणताना सही विसरू नका. शाळेतली मोठी माणसं सही न करता पुस्तक उचलताना दिसली तर त्यांच्यापुढेही वही सरकवा, नम्रपणे. आणि वर्षातून एकदा तरी तुमच्या ग्रंथालयातल्या माझ्यासारख्या वहीची पानं उलटून आपलं नाव शोधा. जिथे ते सापडेल, ते पुस्तक तुम्ही खरोखर वाचलेलं असू द्या.